दिव्याभोवतीचं कडं

शेंगोळी वळताना आई कधी खाली बघत नसे. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घातलेला गोळा परातीत असायचा. ती दाराकडे तोंड करून बसायची, गल्लीतून कोण गेलं कोण आलं याची चौकशी करत तळहातांवर एकेक वळकटी लांबवायची, तिची टोकं जुळवायची आणि ताटात टाकायची. एकही शेंगोळं जाड-बारीक नसे. शेजारच्या कोंडाबाई म्हणायच्या, "सरलाबाई, तुमच्या हातालाच डोळं हायेत." त्या हे कौतुकानं म्हणायच्या, आणि ते खरंच होत चाललंय याची त्यांना कल्पना नव्हती. आम्हालाही उशिराच कळलं. जी बाई न बघता अख्खा स्वयंपाक करते, तिला दिसेनासं झालंय हे घरच्यांना कळणार तरी कसं?

आमचं गाव नेवाशाच्या खालच्या अंगाला, प्रवरेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ख्रिस्ती घरं थोडी, सगळी एका गल्लीत, आणि गल्लीच्या तोंडाशी काळ्या दगडाचं बुटकं चर्च. घंटेऐवजी तिथे कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. तो वाजला की गल्लीतल्या बायका आणि कोंडाबाईंच्या म्हशी एकदमच उठतात, असं नाना म्हणायचे. नाना म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात फिटर. गळीत सुरू असलं की त्यांच्या अंगाला मळीचा वास यायचा आणि रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्यांची घुंगरं वाजत राहायची. घरात आम्ही तिघंच. माझं नाव रूथ, पण मला सगळे रुता म्हणत. आई सातवी शिकलेली. तिच्या वयाच्या बायकांत वाचता येणारी गल्लीत ती एकटीच. शनिवारी दुपारी सगळ्या आमच्या ओट्यावर यायच्या, निवडायचे तांदूळ पुढ्यात घ्यायच्या आणि आई त्यांना बायबल वाचून दाखवायची. वाचता वाचता थांबायची आणि आपल्या भाषेत समजवायची. तिच्या तोंडी मोशेच्या नदीला प्रवरेसारखाच पूर यायचा. मार्था आणि मरीया या बहिणींची कुरबूर तर ती इतकी रंगवायची की कोंडाबाईंना राहवत नसे. त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या, नुसत्या ऐकायला यायच्या, पण निकाल द्यायला पुढे असायच्या. "त्या मार्थीचंच बरुबर हाय," म्हणायच्या. "पाव्हनं आल्यावर सैपाक कुनी करायचा?"

पहिल्यांदा बिघडलं ते हे वाचन. आई म्हणायची, हल्लीची छपाईच वाईट. मग ती पुस्तक उन्हात धरून वाचायला लागली, आणि पुढे पुढे जे पाठ होतं तेवढंच वाचायला लागली. चहा कपाशेजारी ओतला गेला तेव्हा हसली. चौकटीवर कपाळ आपटलं तेव्हा चौकट बसवणाऱ्या सुताराचा उद्धार केला. शेवटी एक दिवस तिने उकळत्या आधणात हात घातला आणि नाना तिला घेऊन नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाल्या, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढलाय. उजवा डोळा गेलाच आहे, डावा थोडा राहिलाय. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं राखता येईल. थेंब एक वेळसुद्धा चुकवायचे नाहीत आणि ऑपरेशनला लवकर यायचं." आई बाहेर आली आणि म्हणाली, "एकच उरलाय, अन् त्याच्यावरच सुरी? हुकली म्हंजी?" नाना म्हणाले, हंगाम संपू दे, मग बघू. भिणाऱ्या माणसाला पुढे ढकलायला कारण लागतं, आणि त्या घरात भिणारे आम्ही तिघं होतो.

थेंबांची बाटली थंडाव्याला ठेवायची होती. फ्रीज नव्हता, म्हणून ती माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली असायची. आज माझे थेंब फ्रीजच्या दारात, कोथिंबिरीच्या शेजारी असतात. हा आजार रक्तातून येतो म्हणतात, तो माझ्याकडे साठीत आला. संध्याकाळी मोबाईल वाजतो, मुलगी स्वयंपाकघरातून ओरडते, आणि मी मान मागे टाकून बसते. दरवेळी त्या ओल्या फडक्याचा वास आठवतो.

येशूवर आमचा विश्वास होताच. पण तोवर तो घरातल्या थोरल्या माणसासारखा होता. जेवणाआधी त्याची आठवण काढायची, खोटं बोलताना त्याला भ्यायचं, आणि एरवी त्याला त्याचं काम करू द्यायचं. आता मात्र त्याच्यामागे आमचा रोजचा लकडा लागला. आई शुक्रवारी उपास धरायला लागली. नाना कामावर जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात काहीतरी म्हणायचे, ओठ हलायचे तेवढे दिसायचे. मीही गुपचूप सौदा केला होता. मी येशूला सांगितलं की आईचा डोळा ठेव आणि हवं तर माझा एक घे. सांगून झाल्यावर इतकी घाबरले की रोज सकाळी उठल्या उठल्या एकेक डोळा मिटून भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय का ते बघायचे. आता डॉक्टर माझा डावा डोळा तपासताना 'हं' करतात तेव्हा वाटतं, येशूने ऐकलं होतं, फक्त घ्यायला यायला उशीर केला.

अशा वेळी संगमनेरहून दयाआत्या आली. ही नानांची धाकटी बहीण. मनाने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी. आईचे डोळे बघून ती आधी पोटभर रडली, मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "वहिनी, आमच्याकडं मोठी चंगाई सभा हाय. भाईरून प्रचारक येनार हायेत. मागच्या टायमाला एक पांगळा मानूस चालत घरी गेला. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं." नानांनी विचारलं, तो आधी पांगळा होता हेही डोळ्याने बघितलं होतं का. आत्या म्हणाली, "दादा, तुझा हाच सोभाव नडतो." नानांचा विश्वास नव्हता असं नाही, त्यांना तो हवा होता. सुरीपेक्षा हात बरा, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. त्यांनीच टेम्पो ठरवला.

सभा संगमनेरबाहेरच्या मोकळ्या मैदानावर होती. सतरंज्या, कर्णे, बांबूंवर बांधलेले मोठे दिवे. इतकी दुखणी एका जागी मी कधी बघितली नव्हती. मांडीवर मान टाकलेली पोरं, खाटेवर आणलेली माणसं, आणि प्रत्येकाशेजारी आमच्यासारखं घाबरलेलं घर. बायका गात होत्या. टाळ्यांच्या लयीत आईचा हात माझ्या हातात उडत होता. दिवस मावळला, दिवे लागले. मंचापुढे पांढरी चादर अंथरलेली होती, आणि प्रचारक म्हणाले, ज्याचा विश्वास आहे त्याने आपली औषधं, चष्मे, काठ्या इथे आणून टाकाव्यात. एक हात येशूचा आणि एक हात दुकानदाराचा, असं धरून चालत नाही. माणसं उठली. चादरीवर बाटल्या वाजू लागल्या. आईने कमरेची पिशवी सोडली, थेंबांची बाटली काढली, आणि मला म्हणाली, "चल, मला तिथपत्तुर ने." मी नेलं. मी नाही म्हणाले असते तरी ती गेली असती, आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंच नव्हतं. माझं काळीज इतकं धडधडत होतं की तीच देवाची चाहूल आहे असं मला वाटलं.

प्रचारकांनी तिच्या डोळ्यांवर तळवे दाबून मोठ्याने प्रार्थना केली आणि हात काढले. आईने मान वर केली. तिचं तोंड उघडं राहिलं. "दिव्याभोवती कडं हाय," ती म्हणाली. "रंगीत. इंद्रधनुक्शावानी. सगळ्याच दिव्यांला हाय. रुते, तेज दिसतंय गं मला." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कोणीतरी तिच्यापुढे माइक धरला, तिने तेच परत सांगितलं, आणि सगळं मैदान 'हालेलूया' म्हणालं. मी दिव्यांकडे बघितलं. मला दिवे आणि त्यांच्याभोवतीचे किडे दिसले. पण माझे डोळे चांगले होते, मला कशाला तेज दिसेल, असं मी मनाला समजावलं. नाना लहान मुलासारखे हुंदके देत होते. त्यानंतर प्रचारकांनी एक गोष्ट बजावून सांगितली. बरं झाल्याची साक्ष तोंडातून गेली आहे, ती आता माघारी घ्यायची नाही. घरी गेल्यावर 'दिसतंय का' असं कोणी तिला विचारायचं नाही. विचारणं म्हणजे शंका, आणि शंकेच्या फटीतून सैतान परत आत येतो.

आमच्या घरात तो प्रश्न बंद झाला. आधी तो दिवसभर चालायचा. आई, हे दिसतंय का, सरला, इथवर दिसतंय का. आता तो जिभेवर आला की आम्ही गिळायचो. पहिले काही दिवस फार सुखाचे गेले, हे मी नाकारणार नाही. कोंडाबाईंनी खरवस आणला. आईने वर्षभरात केल्या नव्हत्या त्या पुरणपोळ्या केल्या. ती गाणी म्हणत झाडायची. तिचा चेहरा इतका उजळ झाला होता की तिला दिसतंय असंच वाटायचं. मग मला बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. सुई ओवायची वेळ आली की नेमके तिचे हात ओले असायचे. वाचायची वेळ आली की घसा बसलेला असायचा. घरात चालताना तिची बोटं भिंतीवरून सरकायची. मी जाता येता वाटेतला पाट उचलायचे, बादली कडेला सारायचे, पोतं भिंतीला लावायचे. ती कशाला अडखळली नाही म्हणजे मला तेवढ्यापुरता श्वास घेता यायचा.

एका संध्याकाळी पुढच्या दारातल्या दांडीवर नानांचा खाकी शर्ट वाळत होता. आई आतून आली आणि शर्टाला म्हणाली, "आज लवकर आलासा." नाना मागच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते वहाणा हातात घेऊन, आवाज न करता घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आले आणि म्हणाले, "व्हय, आज सुट्टी लवकर झाली." आई चहा टाकायला वळली. नाना खाटेवर बसले आणि किती तरी वेळ वहाणा हातातच धरून होते.

तेव्हापासून माझी भूक गेली. आईचं डोकं दुखायचं, डाव्या डोळ्यामागे खिळा मारल्यासारखं. कधी उलटी व्हायची. ती म्हणायची, वारं लागलं. डॉक्टरीणबाईंचं 'एक वेळसुद्धा चुकवायचे नाहीत' हे वाक्य मला शाळेत, नदीवर, प्रार्थनेत ऐकू यायचं. नेवाशाच्या मेडिकलमधून थेंब आणावेत आणि आई झोपल्यावर डोळ्यात टाकावेत असं मनात यायचं. पण टाकले तर माझ्या शंकेने येशूचं काम मोडेल, आणि नाही टाकले तर उरलेला डोळा जाईल. कुठूनही गेले तरी आईला आंधळी करणारी मीच ठरत होते. त्या वयात इतकी मोठी गोष्ट कोणाला विचारावी हे कळत नाही. ज्याला विचारायचं तो येशूच तिच्यात गुंतलेला होता. मी येशूला म्हणायचे, तू एकदा काहीतरी स्पष्ट सांग.

सुगी झाल्यावर आमच्या चर्चमध्ये पिकाचा सण असतो. ज्याचं जे पिकलं त्यातलं पहिलं वेदीपुढे आणून ठेवायचं. बाजरीची कणसं, कांदे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की बाहेर कडुनिंबाखाली त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि लोक एकमेकांच्या भोपळ्यांसाठी भांडतात. त्या वर्षी पाळकसाहेब आमच्या घरी आले. म्हातारे, सायकलवर हिंडणारे, कमी बोलणारे. सभेला ते गेले नव्हते आणि तिच्याबद्दल बरं-वाईट काही बोललेही नव्हते. ते आईला म्हणाले, "लोकांची इच्छा आहे, सणाला शास्त्रवाचन तुम्ही करावं. मी बेथसैदाच्या आंधळ्याचा भाग निवडलाय." आई म्हणाली, "वाचीन की." त्यांना संशय होता म्हणून त्यांनी तोच भाग निवडला, की आनंद होता म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

सणाच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना आईने मला चुलीपाशी बोलावलं. ती उद्यासाठी लसूण सोलत होती. म्हणाली, "रुते, तो भाग मोठ्यानं वाच. तुझं उच्चार बघते." माझे उच्चार शाळेत नावाजलेले होते, आणि हे तिला ठाऊक होतं. मी वाचलं. ती म्हणाली, "आनखी एकदा." मी पुन्हा वाचलं. तिचे ओठ माझ्यामागून हलत होते. ती पाठ करत होती, आणि ती पाठ करते आहे हे मला कळलंय, हे तिला कळत होतं. येशूने आंधळ्याला गावाबाहेर नेलं, डोळ्यांवर हात ठेवले आणि त्याला विचारलं, तुला काही दिसतं का, इथवर मी आले आणि तिच्या हातातली पाकळी खाली पडली. "थांब," ती म्हणाली. "त्यानं इचारलं?" मी म्हटलं, हो, असंच आहे. हा भाग तिने ओट्यावर पुष्कळदा वाचला होता. पण या वेळी पडलेली पाकळी चाचपून शोधायलाही तिने हात पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलेलं होतं. दयाआत्या मुद्दाम संगमनेरहून आली होती, नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर. कोंडाबाई दाराशी, आपल्या घरची मेथी घेऊन. तिकडे वेदीपुढे कोणाची तरी कोंबडी सारखी कुरकुरत होती. आईचं नाव पुकारलं गेलं. ती बाकांच्या पाठींवरून बोटं फिरवत पुढे गेली. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. मी नानांच्या शेजारी बसले होते. नानांचा गुडघा हलत होता आणि त्याने अख्खा बाक हलत होता. आईने पुस्तकाकडे बघत सुरुवात केली, पुस्तकातल्या शुद्ध भाषेत, स्वच्छ आवाजात, एक शब्द न चुकता. आणखी थोडं, की संपेल, असं मी म्हणत होते. येशूच्या प्रश्नापर्यंत ती आली आणि थांबली. लोकांना वाटलं, गहिवरली. पाळकसाहेब खाली बघत होते.

"मी वाचत न्हाई," आई म्हणाली. तिने पुस्तक मिटलं. "मला हे पाठ हाय. मला दिसत न्हाई."

कोंबडीसुद्धा गप्प झाली असं मला वाटतं, पण ते माझं मागाहूनचं असेल. आत्या उठून उभी राहिली. "वहिनी, खाली बस," ती कळवळून म्हणाली. "साक्ष मोडू नगं. तुझ्या पाया पडते."

"मोडत न्हाई, दया. आत्ता देतीय," आई म्हणाली. मग ती आमच्या ओट्यावर शनिवारी बोलायची तशी बोलू लागली. "मला त्या दिवशी दिव्याभोवती कडं दिसलं, ते खोटं न्हाई. पर त्याच्या म्होरं काय दिसलं न्हाई, अन् दिवसादिवसानं कमीच झालं. मी बोलले न्हाई. मला वाटलं, बोलले तर त्याचा अपमान हुईल. काल ही पोरगी वाचीत हुती. येशूनं त्या आंधळ्याला हात लावला, अन् मग त्यालाच इचारलं, काय दिसतंय का तुला. देव असून इचारलं. आमच्या घरात तर ते इचारायचंच बंद हाय. अन् तो आंधळा बगा. येवढा देव म्होरं उभा. समदं दिसतंय म्हनला असता तर कोन काय म्हननार हुतं? पर तो म्हनला, मानसं दिसत्यात, पर झाडावानी दिसत्यात, चालनारी झाडं. खरं सांगितलं, म्हनून त्यानं दुसऱ्यांदा हात लावला. मी पयल्याच हाताला दिसतंय म्हनून बसले. आता त्यानं दुसरा हात लावायचा तरी कुटं?"

पाळकसाहेब तिच्याजवळ आले. त्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि साधेपणाने विचारलं, "सरलाबाई, काय दिसतंय तुम्हाला?" तो प्रश्न इतक्या दिवसांनी मोठ्याने ऐकला आणि मला मोठ्याने रडू फुटलं. नानांनी माझ्या तोंडावर हात ठेवला नाही.

"उजेड दिसतोय," आई म्हणाली. "तुमच्या झग्याचं पांढरं दिसतंय. बाकी समदं धुकं."

"मग आपण तेवढ्यासाठी आभार मानू," पाळकसाहेब म्हणाले, "आणि बाकीच्यासाठी मागू."

लिलाव त्या वर्षी उदास झाला. लोक हळू आवाजात बोली बोलत होते. आत्या कडुनिंबाच्या पलीकडे तोंड फिरवून उभी होती. कधी बोली न बोलणाऱ्या नानांनी आमच्याच परड्यातला, आईनेच वाहिलेला भोपळा विकत घेतला. कोंडाबाई म्हणाल्या, "भाऊ, तो तर तुमचाच हाय की." नाना म्हणाले, "असू द्या." भोपळा काखेत मारून ते आईजवळ आले आणि म्हणाले, "उद्या पयल्या यष्टीनं नगर. हंगाम गेला खड्ड्यात."

डॉक्टरीणबाई चिडल्या. इतके दिवस कुठे होतात, थेंब का सोडले, असं बरंच बोलल्या. नानांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग डोळा तपासता तपासता त्यांनी विचारलं, "दिव्याकडे बघितलं की भोवती रंगीत कडं दिसायचं का? इंद्रधनुष्यासारखं?" आई चपापली. म्हणाली, "तुमास्नी कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "दाब चढला की तसं दिसतं. ती धोक्याची खूण असते. तेव्हाच यायला हवं होतं." एसटी स्टँडवर आम्ही चहा घेतला, आईने कप दोन्ही हातांत धरला आणि तो गार झाला तरी प्यायली नाही. मला येशूचा राग आला होता, आणि राग आल्याची भीतीही वाटत होती. मी तिला म्हटलं, म्हणजे ते तेज नव्हतंच. तिने कप चाचपत बाकावर ठेवला. मग म्हणाली, "कडं रोगाचं असंल. पर त्या टायमाला मला लई बरं वाटलं हुतं, रुते. ते कुटनं आलं, ते डाक्टरीनबाईला नसंल ठावं." यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. अजून माझं काही ठरलेलं नाही.

ऑपरेशन झालं. ते होईस्तोवर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो, आणि आत्या न बोलावता आली होती. तिच्या डब्यात शेंगोळी होती, जाड-बारीक वळलेली. तिने नानांच्या शेजारी बसून प्रार्थना केली, या वेळी हळू आवाजात. पट्टी सोडायच्या दिवशी मी आईच्या खाटेच्या पायथ्याशी उभी होते, हिरवा झगा घालून. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि विचारलं, "सांगा, काय दिसतंय?" आई डोळा बारीक करून माझ्या दिशेने बघत राहिली. माझ्या छातीत धडधडत होतं, सभेत धडधडलं होतं तसंच, पण आता ती देवाची चाहूल आहे की नुसती भीती, हे मला कळत नव्हतं. "झाड दिसतंय," आई म्हणाली. "हिरवं." नानांनी डोळे मिटून घेतले. "अन् झाडाला दोन वेण्या हायेत," आई म्हणाली, "अन् ते झाड सकाळधरनं जेवलेलं न्हाई."

तेवढंच राहिलं. उजेड, रंग, माणसांचे आकार. डॉक्टरीणबाईंनी म्हटल्याप्रमाणे गेलेलं परत आलं नाही, राहिलेलं मात्र राहिलं. थेंब तिने पुढे एकदाही चुकवले नाहीत. टाकताना ती प्रार्थना करायची, आणि आत्या समोर असली की जरा मोठ्याने करायची. शनिवारी बायका येत राहिल्या. वाचायचे मी, समजवायची ती. आमच्या घरात तो प्रश्न पुन्हा सुरू झाला आणि तिने एकदाही खोटं उत्तर दिलं नाही. आज धुकं जास्त हाय, म्हणायची. आज तुझं नाक दिसलं, बापावर गेलंय. कोणी कीव केली तर म्हणायची, "अर्धं काम झालंय. दुसऱ्या हाताची वाट बघतीय." हे ती चेष्टेत म्हणते असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं.

ती गेली तेव्हा दुपार होती. नाना आधीच गेले होते. मी तिला संगमनेरला माझ्याकडे आणलं होतं, आणि खिडकीतून खाटेवर ऊन येत होतं. तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. तिने डोळे उघडले आणि खिडकीकडे नव्हे, माझ्याकडे नव्हे, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघू लागली. ओळखीचं माणूस लांबून येताना दिसावं आणि नीट ओळख पटू नये, तशी तिच्या कपाळावर आठी होती. मी तिचा हात धरला आणि विचारलं, "आई, काय दिसतंय का?"

"थांब," ती म्हणाली. "आजून झाडंच हायेत."

मी तिचा हात धरून थांबले.